दहा नंबरी बोल्ट

ब्रेक ढिला वाटला म्हणून ॲलन की लावली, तर बोल्ट नुसताच गरगर फिरायला लागला. आवळलाही जाईना आणि सुटेनाही. खालून स्क्रू-ड्रायव्हर घालून कॅलिपर उचलून धरला, तेव्हा कुठे तो बाहेर आला. त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची बारीक, चमकती तार गुंडाळली गेली होती. ती तार म्हणजे माझ्या सायकलच्या फ्रेमचे आटे. बोल्टाला काही झालं नव्हतं, फ्रेम कामातून गेली होती.

सायकल मूळची भाच्याची. पुण्यात जिन्याखाली धूळ खात पडली होती, ती मी बोर्लीला आणली. ॲल्युमिनियमची फ्रेम, गिअर, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. सकाळी दिवेआगरला जाऊन यायचं आणि पायांत जोर असेल त्या दिवशी शेखाडीवरून समुद्राकडेचा रस्ता धरून श्रीवर्धनकडे, हा माझा नेम. त्या रस्त्याला चढउतार आहेत, आणि उतारावर मागचा ब्रेक भरवशाचा नसेल तर समुद्र बघायला उसंत मिळत नाही.

बाजारपेठेतल्या सायकलवाल्या चाचांनी भोकात डोकावून बघितलं आणि मान हलवली. ‘लोखंडी असती तर बसवून दिली असती,’ म्हणाले. त्यांचं खोटं नाही. माझ्या वडिलांची ॲटलास सळईच्या ब्रेकची होती. त्या ब्रेकसाठी फ्रेमला एकही आटा पाडलेला नव्हता. सळया जागेवर धरायच्या त्या क्लिपा आणि नटबोल्टांनी. आटे गेले की नटबोल्ट बदलायचा, फ्रेमला धक्का नाही. आता जो बोल्ट चार-पाच रुपयांना मिळतो तो टिकतो आणि ज्या फ्रेमला हजारो रुपये पडतात तिचे आटे जातात, ही उलटी व्यवस्था मला अजून पटलेली नाही. (ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला तो ३ जून २०२० रोजी. जागतिक सायकल दिन होता तो, आणि आमच्या किनाऱ्यावर निसर्ग वादळ आलं तेही त्याच दिवशी. इथे घरांची कौलं उडत होती. तिकडची बातमी कळायला वीज आणि फोन यायची वाट बघावी लागली.)

आटे का गेले हे बघायला बोल्ट पुसून उजेडात धरला. एक तर तो आखूड होता. पूर्वी कुणीतरी कॅलिपर सरळ करताना खाली जादा वायसर घातले होते आणि बोल्ट मात्र तोच ठेवला होता. म्हणजे फ्रेममध्ये तो जेमतेम चार आटे शिरत होता. ॲल्युमिनियममध्ये सहा मिलिमीटरचा बोल्ट निदान नऊ मिलिमीटर तरी आत धरायला हवा. दुसरं म्हणजे भोकाच्या तोंडाशी पांढरी भुकटी. पोलादी बोल्ट, ॲल्युमिनियमची फ्रेम आणि दोहोंच्या मध्ये खारी ओल, एवढं जमलं की तिथे विजेचा बारीकसा प्रवाह सुरू होतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजत जातं. बोल्टाला ग्रीस कधी लागलंच नव्हतं. पुण्याच्या कोरड्या हवेत हे खपून गेलं असतं. बोर्लीत दाराच्या कड्यासुद्धा गंजतात.

त्यात डिस्कवरचा ताण. चाक मोठं आणि डिस्क लहान. माझी डिस्क १६० मिलिमीटरची, चाक टायरसकट सातशेच्या जवळपास. त्यामुळे टायरला जमिनीपाशी जेवढ्या जोराने अडवायचं, त्याच्या चौपटीहून जास्त जोर डिस्कपाशी लागतो, आणि तो सगळा शेवटी दोन बोल्टांवर येतो.

सल्ले पुष्कळ मिळाले. एम-सील भरून त्यात बोल्ट बसव. तांब्याची तार घालून आवळ. वेल्डिंगने भोक बुजव आणि नव्याने टॅप मार. पहिले दोन सल्ले मडगार्डाला चालले असते. वेल्डिंगचा सल्ला दिसतो शहाणपणाचा, पण या फ्रेमा भट्टीत तापवून कडक केलेल्या असतात. एका जागी वेल्डिंग केलं की आजूबाजूचा भाग पुन्हा मऊ पडतो. जाडा बोल्ट घालावा, तर कॅलिपरचं भोक सहाचं. लांब बोल्ट हा खरा सोपा उपाय, आणि कुणाचे असे आटे गेले तर आधी तोच करून बघावा. मी स्पोक घालून भोकाची खोली मोजली. भोक आरपार नव्हतं. खाली शाबूत आटे दोन-तीनच उरलेले. तेवढ्यावर उतार उतरायची माझी तयारी नव्हती.

उपाय निघाला तो मोटारसायकलच्या गॅरेजात. गॅरेजवाल्या पोराने बोल्ट बोटांत फिरवून बघितला आणि म्हणाला, ‘काका, हा तर आपला दहा नंबरी.’ गॅरेजात बोल्टाची ओळख पान्यावरून. दहाचा पाना लागतो तो दहा नंबरी, म्हणजेच सहा मिलिमीटर जाडीचा, एक मिलिमीटरच्या आट्यांचा. स्कूटरच्या इंजिनाच्या झाकणाला हेच बोल्ट असतात. इंजिनही ॲल्युमिनियमचं, त्यामुळे ऑइलचा बोल्ट आवळून आवळून आटे जाणं हे तिथलं रोजचं दुखणं आणि त्यावर हेलिकॉइल हे रोजचं औषध. त्याच्याकडे प्लगचं आणि ऑइल बोल्टाचं होतं. दहा नंबरीचा टॅप आणि कॉइल मुंबईत नागदेवी स्ट्रीटवरून मागवली, एस.टी.ने आली.

हेलिकॉइल म्हणजे स्टेनलेसच्या तारेची स्प्रिंग. तार गोल नसते, चौकटच्या पत्त्यासारखी चारकोनी असते. त्यामुळे तिची बाहेरची धार फ्रेमच्या नव्या, मोठ्या आट्यांत बसते आणि आतली धार बोल्टासाठी पुन्हा पहिल्या मापाचे आटे तयार करते.

अडचण होती ती भोक सरळ पाडायची. फ्रेम काही ड्रिल मशीनखाली पकडता येत नाही, आणि हातातलं ड्रिल जरा कललं की कॅलिपर कायमचा तिरका. पोराने यावर जी युक्ती काढली तिचं मला आजही कौतुक वाटतं. दोन भोकांमधलं अंतर ७४ मिलिमीटर. त्याने लेथवाल्याकडून जाड लोखंडी पट्टीला त्याच अंतरावर दोन भोकं पाडून आणली, एक सहाचं आणि एक ६.३चं. पट्टी चांगल्या भोकात बोल्टने आवळली, की दुसरं भोक बरोबर खराब आट्यांवर येऊन बसलं. आता ड्रिलला वाकडं जायला जागाच नव्हती. बिटाला खोलीपुरती चिकटपट्टी गुंडाळली आणि रॉकेलचे दोन थेंब सोडले. ॲल्युमिनियम रॉकेलवर छान कापलं जातं. मग टॅप. अर्धा फेर पुढे, पाव फेर मागे, मध्येच काढून चुरा झटकायचा. मी जोर लावून फिरवायला गेलो तर म्हणाला, ‘दाबू नका काका, त्याचं तो जाईल.’

कॉइल आत फिरवताना हाताला जेमतेम जाणवते. तोंडाच्या अर्धा फेर खाली नेऊन थांबवली. तिच्या तळाशी एक आडवी शेपटी असते, तिला धरूनच कॉइल फिरवायची. काम झालं की टोचा ठेवून हातोडीचा एक टोला द्यायचा. टक्‌ आवाज झाला. तुटलेला तुकडा ग्रीस लावलेल्या स्पोकच्या टोकाला चिकटून वर आला.

बोल्ट नवा घेतला, पुरेशा लांबीचा पण तळाला न टेकणारा. तळाला टेकला तर आवळल्यासारखा वाटतो आणि कॅलिपर मात्र ढिलाच राहतो. अशा बोल्टांना सहा ते आठ न्यूटन मीटरचा पीळ द्यायचा असतो. टॉर्कचा पाना नव्हता, म्हणून शेजारच्या मासळीवाल्या मावशींचा हुकाचा काटा मागून आणला. ॲलन कीवर बोल्टापासून दहा सेंटिमीटरवर काटा अडकवला आणि काटकोनात सात किलोपर्यंत ओढला. हिशेबाने सात न्यूटन मीटरच्या आसपास होतात. ‘आता सायकलला पण वजन करून विकताय का?’ मावशींनी विचारलं.

म्हसळ्याच्या रस्त्यावरच्या उतारावर मी मुद्दाम कचकन ब्रेक दाबून बघितला. मागचं चाक जागच्या जागी थांबलं आणि खडीवर घसरलं. उतरून कॅलिपर हलवून बघितला, हलला नाही. परत येऊन बाकीचे तीन बोल्टही काढले. पुढच्या चिमट्यातला एक तसाच आखूड आणि तसाच पांढरा निघाला. त्याचे आटे अजून धरून होते. भोक साफ केलं, ग्रीस लावलं आणि योग्य लांबीचा बोल्ट घातला. पट्टी पोराने ठेवून घेतली. डिसेंबरात दिवेआगरला पुण्या-मुंबईचे सायकलवाले येतात, त्यांच्यासाठी लागेल म्हणाला.