फोलिन्योचा चोवीस मीटरचा सांगाडा

रोमच्या तेर्मिनी स्टेशनातून सुटलेली अँकोनाची गाडी तेर्नी, स्पोलेतो मागे टाकत उम्ब्रियाच्या डोंगरांतून फोलिन्योला येते. जीनो दे दोमिनिचिस या चित्रकाराचं आयुष्य या एकाच लोहमार्गावर मांडता येईल. जन्म १९४७ साली अँकोनात, मृत्यू १९९८ साली रोममध्ये आणि त्याची सर्वांत प्रचंड कलाकृती मधल्या फोलिन्योत.

मी उतरलो तो तिच्यासाठीच. दान्तेचं महाकाव्य १४७२ साली पहिल्यांदा छापलं गेलं ते याच गावात. पण बहुतेक प्रवासी इथे फक्त असिसीची गाडी बदलतात.

गावातल्या अठराव्या शतकातल्या एका अपुऱ्या राहिलेल्या चर्चमध्ये आता पूजाअर्चा होत नाही. आत जमिनीवर माणसाचा सांगाडा उताणा पडलाय, चोवीस मीटर लांब! हाडं शरीरशास्त्राच्या पुस्तकातल्यासारखी चोख, फक्त नाकाच्या जागी पक्ष्याची लांबलचक चोच. उजव्या हाताच्या बोटाच्या टोकावर एक सोनेरी काठी सरळ उभी. नाव ‘कालामिता कॉस्मिका’, म्हणजे वैश्विक लोहचुंबक. दे दोमिनिचिसने हे धूड गुपचूप घडवलं आणि १९९०मध्ये फ्रान्सच्या ग्रनोब्लमध्ये लोकांपुढे आणलं.

या माणसाला कॅटलॉग नको असत आणि आपल्या कामाचे फोटो छापलेले खपत नसत. कलाकृती पाहायची तर तिच्यासमोर येऊन पाहा, असा त्याचा हट्ट. हे मला आधी निव्वळ नखरे वाटत होते. पण बरगड्यांच्या कडेकडेने चालताना मान वर करावी लागते, तेव्हा त्याचं म्हणणं पटतं. फोटोत हा नुसता एक सांगाडा असतो. शेजारी माणूस उभा नसेल तर केवढा, ते कळायला मार्गच नाही.

एकांतप्रिय असला तरी तो बुजरा मात्र नव्हता. १९६९मध्ये त्याने स्वतःच्याच निधनाची सूचना छापून मांडली. त्याच वर्षी हात फडफडवून उडण्याचा प्रयत्न करतानाचं चित्रीकरण केलं. १९७०मध्ये रोमच्या लात्तिको गॅलरीत राशिचक्र उभं केलं, त्यात सिंह आणि बैल चक्क जिवंत. १९७५मध्ये पेस्कारात त्याचं एक प्रदर्शन भरलं, तिथे प्रवेश फक्त प्राण्यांना.

१९७२च्या व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात मात्र तो वादात सापडला. डाउन सिंड्रोम असलेल्या एका तरुणाला त्याने खुर्चीवर बसवून कलाकृतीचा भाग केलं. गदारोळ झाला, प्रकरण कोर्टात गेलं, तो निर्दोष सुटला. कायद्याने सोडलं तरी माझं मन त्याला तिथे सोडत नाही. त्या तरुणाला काय वाटलं, हे त्या गोंधळात कुणी फारसं विचारलेलं दिसत नाही.

त्या कामाच्या नावात ‘अमरत्वाचा दुसरा उपाय’ असे शब्द होते. मरण टाळता येईल का, हा प्रश्न त्याने अखेरपर्यंत सोडला नाही. पुढे तो चित्रांकडे वळला, तेव्हा अमरत्व शोधत फिरणारा सुमेरियन राजा गिल्गमेश त्याच्या चित्रांत आला आणि त्याच्या जोडीला आली चक्क आपली उर्वशी! पुरूरव्याला सोडून ती मेसोपोटेमियात कशी पोहोचली, याचा खुलासा दे दोमिनिचिसने केला नाही. त्याच्या चित्रांतल्या आकृत्यांची नाकंही अशीच लांब, टोकदार असतात. त्यामुळे सांगाडा परग्रहावरचा की त्याच कुळातला, यावर तर्क लढवायला भरपूर वाव आहे.

चर्च रोज उघडं नसतं, तेव्हा वेळा पाहूनच गाडी धरावी.