दोष हाताचा कीं माउसचा?

घरांत कांहीं बिघडलें कीं आधीं माणसाला बोल लावावयाचा आणि वस्तूकडे मागाहून पाहावयाचें, ही खोड आमच्या अंगांत किती मुरलेली आहे, हें आम्हांला परवांपर्यंत कळलें नव्हतें. वरण खालीं लागलें तर पातेल्याचें बूड पातळ आहे कीं काय, हें कोणी पाहात नाहीं. सुनेचें लक्ष कोठें होतें, एवढें मात्र लगेच विचारलें जातें. असाच एक प्रसंग आमच्या घरीं घडला. त्यांतला माणूस घरांतील सर्वांत वडील होता, आणि वस्तु म्हणाल तर संगणकाचा माउस.

आमचे थोरले चुलते, ज्यांना घरांत सारे अण्णा म्हणतात, वयाच्या एकोणऐशींव्या वर्षीं आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत संगणकावर उतरवीत आहेत. कोंकणांतल्या गांवोगांव हिंडून, जुने मोडी कागद वाचून त्यांनीं बारा वह्या भरल्या आहेत. त्या कोणी तरी पुढें वाचाव्या, म्हणून उतारवयांत ते हें यंत्र शिकले. रोज सकाळीं पूजा आटोपली कीं दोन तास त्यांचें हें काम चालावयाचें.

दोनएक महिन्यांपूर्वीं मात्र या कामांत विघ्नें येऊं लागलीं. पडद्यावरील बाण मधेंच थबके, मधेंच उडी मारी. कळ एकदां दाबावी तर ती दोनदां दाबल्यासारखी होई. वंशवृक्षांतील एखादें नांव धरून दुसरीकडे न्यावें, तर तें वाटेंतच हातून सुटे. एके दिवशीं आमचे खापरपणजोबा असे वाटेंत गळून पडले आणि आपल्याच पुतण्याचे नातू होऊन बसले! घरांत मोठा हशा पिकला. अण्णाहि हंसले, पण इतरांपेक्षां कमी.

कपबशी धरतांना अण्णांचा हात कांपतो, हें आमच्या सौभाग्यवतींनीं पूर्वींच पाहिलें होतें. तेवढ्यावरून सर्वांचा निर्णय झाला. "अण्णा, आतां तुम्ही नुसतें सांगा, मुलें लिहून घेतील," असें आम्हींच त्यांना सुचविलें. वर डॉक्टरांना एकदां हात दाखवून यावें, असा सल्लाहि दिला. सुचविण्यांत माया होती, हें खरें. अण्णा एवढेंच म्हणाले, "हात थकला असेल, बाबा." दुसऱ्या दिवशीं बारा वह्या कपाटांत गेल्या आणि सकाळचे ते दोन तास अण्णा गॅलरींत नुसते बसून राहूं लागले.

पुढें पंधरा दिवसांनीं आमच्या पुतण्याला मुलगी झाली. एरवीं अशी वार्ता कानीं येतांच अण्णा तिथि, वार, घटिका टिपून घेत. या वेळीं त्यांनीं विचारलेंहि नाहीं. तेव्हां आपणच बाळाची नोंद करावी, म्हणून आम्ही त्यांच्या खुर्चीवर बसलों. नोंद केली आणि ती योग्य शाखेखालीं नेऊं लागलों, तों ती सुटली. पुन्हां धरली, पुन्हां सुटली. आमचा हात कांहीं कांपत नाहीं. पुतण्याला बसविलें, त्याच्या तरण्याताठ्या हातालाहि तोच अनुभव. दोन महिन्यांत अण्णांच्या खुर्चीवर बसून पाहावें, असें आमच्यापैकीं एकालाहि वाटलें नव्हतें!

मग रीतसर चिकित्सा सुरू झाली. अशा कामीं नियम एकच : एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची. दोन औषधें एकदम दिलीं, तर गुण कशानें आला हें वैद्यालाहि सांगतां येत नाहीं. प्रथम माउसची बॅटरी बदलली; फरक नाहीं. खालच्या भिंगाच्या खांचेंत केंस अडकला कीं बाण भरकटतो, म्हणून ती कोरड्या कापसानें पुसली, फरक नाहीं. मग तोच माउस पुतण्याच्या लॅपटॉपला जोडून जेवणाच्या लांकडी टेबलावर फिरविला. तेथें कळेचा दोष तसाच राहिला, परंतु बाणाच्या उड्या थांबल्या. एका आजाराचे म्हणून जे आम्ही समजत होतों, ते वस्तुतः दोन आजार होते.

डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनीं १९६४ सालीं कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड संशोधन-संस्थेंत पहिला माउस बनविला, तो लांकडी पेटीचा होता. त्याच्या पोटाखालीं एकमेकांशीं काटकोन करणारीं दोन चाकें होतीं. पुढें रबरी गोळी आली, आणि आतां प्रकाश आला आहे. आजच्या माउसच्या पोटांत एक दिवा व एक चिमुकला कॅमेरा असतो. तो टेबलाच्या पृष्ठभागाचीं सेकंदाला हजारावर चित्रें घेतो आणि एका चित्राशीं दुसरें ताडून हात कोणीकडे सरकला तें ठरवितो. पृष्ठभागावर कण, रेषा, कांहीं तरी खूण हवी. स्वच्छ कांच ठेवली तर बिचाऱ्याला पाहावयास कांहींच सांपडत नाहीं. आणि अण्णांच्या टेबलावरची ती जाड कांच दोन महिन्यांपूर्वीं, त्यांच्या वाढदिवशीं, शोभेसाठीं आम्हींच बसविली होती!

कळेचा दोष निराळा. कळेखालीं पातळ धातूची एक पट्टी असते. ती वापरून झिजली कीं एका दाबण्यांत दोनदां टेकते; आणि कळ धरून ठेवली असतांहि क्षणभर सुटते. संगणकाला वाटतें, माणसानेंच हात उचलला. संगणकाचा असा समज व्हावा, यांत नवल नाहीं. आमचाहि झाला होता.

माउसखालीं वहीचा जुना पुठ्ठा ठेवला, माउस नवा आणला, आणि अण्णांना हात धरून खुर्चीवर बसविलें. सारें सांगतांना आमची मान खालीं होती. त्यांचा हात थोडा कांपतो, हें खोटें नव्हतेंच. म्हणून बाणाची चाल मंद केली, आणि दोन दाबण्यांमधला अवकाश वाढविला. ही सोय यंत्रांत पहिल्यापासून होती. पांच मिनिटांचें काम. तें पाहण्याऐवजीं आम्ही त्या हातालाच रजा देऊन मोकळे झालों होतों.

अण्णांनीं खापरपणजोबांना उचलून सावकाश त्यांच्या जागीं नेऊन ठेवलें. मग बाळाच्या जन्माची घटिका विचारून घेतली आणि तिची नोंद पुरी केली. उठतां उठतां आमच्याकडे पाहून म्हणाले, "मोठ्यांना जागेवर आणलें. आतां तूं कोणाच्या खालीं आहेस, तेवढें एकदां नीट पाहून घे."