बैलाचा डोळा

गुरुवारी दुपारनंतर माझा दवाखाना बंद असतो. पूर्वी त्या वेळात मी झोप काढायचो किंवा बँकेची कामं उरकायचो. गेल्या वर्षभरात हा वेळ नातीने ताब्यात घेतला आहे. ती आता २२ महिन्यांची आहे. मुलगा आणि सून दोघंही नोकरी करतात, माझी पत्नी आठवडाभर तिला सांभाळते आणि गुरुवारी दुपारी तीन ते सहा माझी पाळी असते.

या वयाच्या मुलांना मोबाइल दाखवू नका, असं मी रुग्णांना सांगत असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनाही तेच सांगतात: दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत स्क्रीन नको, त्यानंतर दिवसाला जास्तीत जास्त एक तास. पण मोबाइल नाही तर तीन तास करायचं काय, असं मला कुणी कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. माझा मुलगा या वयाचा होता तेव्हा मी एमडी करत होतो. त्याने पहिली रेघ कधी ओढली, मला माहीत नाही.

तेव्हा मी शिकाऊ उमेदवार. सुरुवात कणकेच्या गोळ्यापासून झाली. पोळ्या लाटताना उरलेला गोळा द्यायचा, ती तो थापटते, बोटाने टोचते, चावते, थुंकते आणि "आबा, पोई" म्हणत मला खायला घालते. मग भेंडीच्या देठाचे ठसे आले. देठाजवळ आडवी कापलेली भेंडी बिटाच्या रसात बुडवून जुन्या कॅलेंडरच्या मागे दाबली की फूल उमटतं. पहिलं फूल उमटलं तेव्हा तिने भेंडी उलटी करून पाहिली, फूल आत कुठे लपलं होतं ते शोधायला. नंतर हळदीचं पाणी आणलं. हळदीचे डाग फरशीवरून जातात, पांढऱ्या सोफ्यावरून जात नाहीत, हे ज्ञान त्या दिवशी मिळालं.

आम्ही नागपूरचे. इकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुलं लाकडी बैल सजवून नेतात, घरोघर फिरतात आणि त्यांना बोजारा मिळतो. नातीचा लाकडी बैल आणून ठेवला होताच, पण मला मातीचे बैल करायचे होते. माझी आई करायची तसे. पोळ्याच्या दोन दिवस आधी, गुरुवारी दुपारी, कुंभाराकडून आणलेली माती घेऊन आम्ही दोघं ओसरीवर बसलो. पत्नी बहिणीकडे गेली होती. बैल मी केले आणि शेपट्या नातीने. एका बैलाला तीन शेपट्या झाल्या.

आई बैलांना गुंजांचे डोळे लावायची. लालभडक बी आणि टोकाला काळा ठिपका. ओल्या मातीत दाबली की बैल जिवंत होऊन आपल्याकडे बघतो. गुंजा तिच्याकडे पितळेच्या डबीत असायच्या. सोनार पूर्वी सोनं गुंजांनी तोलत, आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, तशी कुठल्याशा सोनाराकडून आलेली ती डबी. आई गेल्यावर ती माझ्या कपाटात आली. मी ती उघडली, चार गुंजा काढल्या आणि दोन बैलांना डोळे लावले. नात टाळ्या वाजवत "मूऽऽ" करत होती. डबी मी उंचावर ठेवली. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण नंतर कितीतरी वेळ मी स्वतःला तेच सांगत होतो: डबी तर मी उंचावर ठेवली होती.

साडेपाचच्या सुमारास एका रुग्णाचा फोन आला. गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, एवढंच विचारायचं होतं, पण बोलणं पाचेक मिनिटं लांबलं. मी अंगणाच्या फाटकाशी उभा होतो आणि नात मला तिथून दिसत होती. परत आलो तर एक बैल एका डोळ्याने माझ्याकडे बघत होता.

डोळ्याच्या जागी नीट गोल खड्डा होता. तिच्या दोन्ही मुठी उघडल्या, माती होती. तोंडात बोट घातलं नाही (आंधळेपणाने बोट घातलं तर वस्तू आणखी आत ढकलली जाते), पण टॉर्चने पाहिलं. नाकपुड्या पाहिल्या, कान पाहिले. फरशी, चटई, तिचा फ्रॉक, सगळं झटकलं. "बैलाचा डोळा कुठंय?" विचारलं तर तिने तोंड उघडून जीभ दाखवली, ती औषध प्यायल्यावर दाखवते तशी.

मला घाम फुटला, कारण गुंज म्हणजे काय हे मला माहीत होतं. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षी, न्यायवैद्यकाच्या पुस्तकात, वनस्पतिज विषांच्या प्रकरणात गुंज असते. तोंडी परीक्षेत समोर ठेवलेल्या नमुन्यांतून ती मी ओळखलीही होती. तिच्यात ॲब्रिन नावाचं विष असतं. ते पेशींचं प्रथिनं तयार करण्याचं काम बंद पाडतं. त्यावर उतारा नाही. रुग्णाला सलाइन, रक्तातल्या क्षारांची काळजी आणि लक्ष, एवढंच हाती असतं. आयुर्वेदातही गुंजा शोधन केल्याशिवाय औषधात घेत नाहीत. एवढं सगळं डोक्यात असलेल्या माणसाने दीड तासापूर्वी त्या गुंजा स्वतःच्या हाताने नातीसमोर मांडल्या होत्या. त्या वेळी मला फक्त आईचे बैल आठवत होते.

यात एक दिलासा आहे, तोही सांगितला पाहिजे. गुंजेचं साल फार कठीण असतं. बी अख्खी गिळली तर बहुतेक वेळा ती तशीच शौचावाटे बाहेर पडते आणि काही होत नाही. धोका आहे तो बी चावली, फुटली किंवा माळेसाठी तिला भोक पाडलेलं असेल तर. आमच्या गुंजांना भोक नव्हतं. पण नातीला पुढच्या दाढा आल्या आहेत, आणि तिने ती चावली की नाही हे कोण सांगणार? लक्षणं लगेच दिसत नाहीत. उलट्या, पोटदुखी, रक्तमिश्रित जुलाब हे काही तासांनी सुरू होतात, कधी दोन-तीन दिवसही लागतात. म्हणून "खेळतेय ना, मग ठीक आहे" हा हिशोब इथे चालत नाही.

सुनेला फोन केला आणि मुलीला घेऊन निघालो. एका डॉक्टर मित्राच्या मुलांच्या रुग्णालयात पाऊण तासात पोचलो. सून तिच्या ऑफिसमधून थेट आली. तिथल्या तरुण बालरोगतज्ज्ञांनी विचारलं, "गुंज आली कुठून?"

"घरात होती," मी म्हणालो.

गेली तीस वर्षं मी टेबलाच्या पलीकडे बसून अशी उत्तरं ऐकत आलो आहे. "कुठूनतरी उचलली असेल", "शेजारच्या मुलाने दिली असेल". आणि मनात म्हणत आलो आहे की खरं सांगायला लोकांना काय होतं? काय होतं ते मला त्या संध्याकाळी कळलं. सून माझ्याकडे बघत होती. डॉक्टर लिहीत होते. मग मी म्हणालो, "मी आणली. बैलाला डोळे म्हणून मीच लावल्या होत्या. चार होत्या, एक नाही. फार तर पावणेसहाची वेळ असेल. भोक नसलेली होती." लिहिणारा हात थांबला. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "सर, बरं झालं नीट सांगितलंत. वेळ कळली म्हणजे कोळसा देता येईल."

इतर विषांसाठीही हे लक्षात ठेवा. गेलेली वेळ आणि उरलेली वस्तू या दोन गोष्टी डॉक्टरांना सर्वांत उपयोगी पडतात. मी उरलेल्या तीन गुंजा रुमालात बांधून नेल्या होत्या. मुलाला मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढू नका. मिठाच्या पाण्यानेच लहान मुलं दगावू शकतात. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

छाती दोन्ही बाजूंनी तपासून झाली, कारण बी श्वासनलिकेतही गेलेली असू शकते, आणि बिया एक्स-रेत सहसा दिसत नाहीत. एकाच बाजूला घरघर नव्हती, खोकला नव्हता. मग सक्रिय कोळशाचं औषध. काळंभोर, खरखरीत. निम्मं तिच्या पोटात गेलं, निम्मं माझ्या सदऱ्यावर. रक्ताचे नमुने घेतले, मूत्रपिंड, यकृत, क्षार सगळं नीट होतं, आणि आम्ही रात्रभर तिथे थांबलो.

सून माझ्याशी फारसं बोलली नाही. रात्री अकराच्या सुमारास नात झोपल्यावर तिने एकच विचारलं, "बाबा, विषारी असते हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

ती पुढे काही म्हणाली नाही. मला ते सहन करणं जड गेलं.

शुक्रवारी संध्याकाळी घरी सोडलं. पुढचे दोन दिवस घरात प्रत्येक लंगोट आणि प्रत्येक शौच पाण्यात कालवून जुन्या चाळणीतून गाळलं जात होतं. कोळशामुळे सगळंच काळं. हे काम पत्नीने माझ्यावर सोपवलं, आणि ते योग्यच होतं. पोळ्याच्या दिवशी घरात पुरण शिजत होतं आणि मी न्हाणीघरात चाळणी घेऊन बसलो होतो. रविवारी सकाळी चाळणीत काहीतरी टक्कन वाजलं. धुतली, भिंगाखाली फिरवून पाहिली. अख्खी, चकचकीत, एकही तडा नाही. मी ती सुनेला दाखवायला नेली. तिने पाहिलं आणि पहिल्यांदा हसली, मग रडली.

डबीतल्या सगळ्या गुंजा मी आधीच काढून टाकल्या होत्या, ही शेवटची होती. सुनेने आणि मी मिळून घर पालथं घातलं. ती गुडघ्यांवर रांगत फिरली, नातीच्या उंचीवरून काय दिसतं ते बघत. सोफ्याखाली शेंगदाणा निघाला. तो गुंजेपेक्षा साधा वाटतो, पण मागच्या दाढा दोन ते पावणेतीन वर्षांपर्यंत येतात, तोवर मुलांना दाणा नीट दळता येत नाही, आणि तो श्वासनलिकेत अडकतो. माझ्याच टेबलावर फुटलेला फुगा होता. आणि दिवाळीच्या विजेच्या पणत्यांचा खोका खालच्या कप्प्यात. त्या पणत्यांत नाण्यासारखी चपटी बॅटरी असते. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत भाजून भोक पाडू शकते. ती गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठायचं. मूल एक वर्षावरचं असेल आणि गिळता येत असेल तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, पण मधासाठी थांबू नये. अंदाज घ्यायला सोपं माप म्हणजे, जे सव्वातीन सेंटिमीटर रुंदीच्या भोकातून आत जाईल ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती नको.

रविवारी संध्याकाळी तान्हा पोळा होता. नातीने लाकडी बैल ओढायला नकार दिला आणि मातीचाच हवा म्हणून हट्ट धरला, तीन शेपट्यांचा. उरलेल्या गुंजा काढल्यावर त्याला डोळे नव्हते. मी तिचं बोट धरून ओल्या मातीचा ठिपका लावला आणि त्यात तिनेच खड्डे पाडले. एक डोळा कपाळावर गेला. मैदानात सगळ्यांच्या लाकडी बैलांमध्ये तो परातीत बसून गेला आणि शेजारच्या काकूंनी तिच्या मुठीत बोजारा म्हणून दोन रुपयांचं नाणं ठेवलं.

माझा हात पुढे गेला, सुनेचाही. नाणं मला मिळालं. ते मी खिशात टाकलं. थोडं चालून गेल्यावर सून म्हणाली, "बाबा, नाणं आहे ना खिशात?" मी काढून दाखवलं.