पोत्याएवढा जोर

परळी मागं टाकली, अंबाजोगाईचा चढ लागला आणि तिसऱ्या गिअरमध्ये गाडीखालून फट्ट असा आवाज आला. टायर फुटल्यासारखाच, पण टायर फुटला की आधी स्टिअरिंगला कळतं. हाताला काहीच जाणवलं नाही. गेली ती टर्बोची शिट्टी. भरल्या गाडीला चढावर ती बारीक शिट्टी सतत सोबत असते, ड्रायव्हरचा अर्धा जीव तिच्यात असतो. तिच्या जागी नुसतं फुस्स-फुस्स सुरू झालं, आरशात काळ्या धुराचा लोट दिसला आणि गाडी उचलेना. तिसऱ्याचा दुसरा, दुसऱ्याचा पहिला. कशीबशी डाव्या अंगाला घेतली. भाच्यानं उडी टाकून मागच्या चाकाला दगड लावला, गाडीखाली डोकं घातलं आणि तिथूनच ओरडला, "मामा, होज पुन्हा निसटला!"

2022 सालचा मे महिना. महिनाभरात ही तिसरी वेळ.

मी शिरड शहापूरचा. औंढा नागनाथ एका अंगाला, वसमत दुसऱ्या अंगाला, मधे रस्त्यावर आमचं गाव. बाहेरची माणसं गावाला मल्लिनाथांच्या जैन मंदिरामुळं ओळखतात, आम्ही स्वतः हळदीवर जगतो. फेब्रुवारी-मार्चात काढणी, मग शिजवायची, वाळवायची, ढोलात घालून पॉलिश करायची. पाडवा झाला की पोती भरायला सुरुवात. वसमत आणि हिंगोलीचे बाजार हाताशी आहेत, तरी काही जणांचा सांगलीच्या सौद्यावर जुना विश्वास. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन 2024 मध्ये मिळालं, सांगलीच्या हळदीला ते 2018 सालीच मिळालेलं. त्या मे महिन्यातल्या फेरीला गाडीत सोळा टन माल होता. पन्नास किलोची तीनशेवीस पोती. चाळीस आमची, बाकी गावातल्या सात-आठ घरांची. एका घरी पोरीचं लग्न महिनाअखेर होतं आणि सोनाराचे पैसे याच पोत्यांतून द्यायचे होते. त्या घरच्या आजीनं निघताना गाडीला नारळ फोडला होता. चढावर उभ्या गाडीजवळ मला तो नारळ आठवत होता.

हा होज म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. डिझेल इंजिनचा धूर वाया जाण्याआधी एक चाक फिरवतो. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हा टर्बो. धुरातला वाया जाणारा जोर असा कामाला लावायची कल्पना आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनीअरची, तिचं पेटंट 1905 सालचं. पण हवा दाबली की तापते. सायकलच्या पंपाला हात लावून बघा. तापलेली हवा विरळ, तिच्यात डिझेल जाळायला प्राणवायू कमी. म्हणून टर्बोतून निघालेली हवा रेडिएटरच्या पुढं बसवलेल्या इंटरकूलरमधून फिरवतात, गार करतात आणि मग इंजिनात सोडतात. आता अडचण अशी की इंटरकूलर चेसिसला घट्ट बसवलेला, तर इंजिन रबरी फाउंडेशनवर. चढावर जोर लागला की इंजिन अंग वळवतं, इंटरकूलर जागचा हलत नाही. या दोघांना जोडायला लोखंड चालत नाही, तुटून जाईल. म्हणून तिथं वीतभर लांबीचा रबरी होज असतो, दोन्ही टोकांना क्लिप. सगळा दाब, सगळी उष्णता, सगळी ओढाताण त्या वीतभर रबराच्या वाट्याला.

पहिल्यांदा तो झिरो फाट्याजवळ निसटला होता. होज कडक झालेला, पाइपवर चढेना. तेव्हा भाच्यानं इंजिन ऑइलचं बोट फिरवलं आणि तो सर्रकन चढला. मला बरं वाटलं, पोरगं हुशार आहे. क्लिप आवळली, निघालो. दुसऱ्यांदा गंगाखेडच्या अलीकडं निसटला. तेव्हा मी स्वतः खाली गेलो आणि राग पान्ह्यावर काढला. खाचांची साधी क्लिप होती. इतकी पिळली की तिच्या खाचांतून रबर वर फुगून आलं. आता बघू कसा निसटतो, असं म्हणत उठलो. त्या क्लिपेनं होज आतून कापायला सुरुवात केली होती, हे मला फार उशिरा कळलं.

आणि आता हा घाट. वर ऊन, खाली तापलेलं डांबर, शेजारून भरल्या गाड्या घोंगावत जाताहेत. होजचं टोक क्लिपेच्या रेषेतच अर्धं चिरलेलं. भाच्यानं चिरलेला भाग सुरीनं कापून काढला, उरलेला आखूड होज ओढून बसवला, वरून जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि पोती शिवायच्या सुतळीनं, मग बांधकामाच्या तारेनं करकचून बांधला. पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, अ‍ॅक्सिलरेटरवर नुसता अंगठा ठेवून आम्ही अंबाजोगाई गाठली.

इथं एक गोष्ट इतर ड्रायव्हर भावांसाठी लिहून ठेवतो, कारण मलाही ती तोपर्यंत माहीत नव्हती. होज निसटला तरी गाडी चालते, म्हणून बरेच जण तशीच पळवतात. पण एअर फिल्टर टर्बोच्या आधी असतो. टर्बोच्या पुढचा होज उघडा पडला की इंजिन सरळ रस्त्यावरची हवा ओढू शकतं, मातीसकट. आमच्याकडची काळ्या रानाची धूळ पिठासारखी. ती सिलिंडरमध्ये गेली की पिस्टन-रिंगा घासून काढते. शिवाय पुढं दाब उरला नाही की टर्बो मोकाट फिरतो. दोनशे रुपयांच्या रबरापायी इंजिन उतरवायची वेळ येते.

अंबाजोगाईत नवा होज मिळाला, सांगली गाठली, माल दीड दिवस उशिरा उतरला. सोनाराचे पैसे वेळेत पोचले. पण परतीच्या वाटेवर रिकाम्या गाडीतसुद्धा माझे कान त्या शिट्टीवरच होते. गावात पाय टाकायच्या आधी गाडी तशीच वसमतला नेली.

वसमतला ज्या मिस्त्रींकडं मी जातो त्यांना सगळे चाचाच म्हणतात. सत्तरीचे असतील. हातात लगेच पाना घेत नाहीत. आधी बसतात, गाडी सुरू करायला लावतात, कान देतात. माझी सगळी कहाणी ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "अंदरसे पुसे क्या कभी?"

मी म्हटलं, "आतून कशाला पुसायचं, चाचा? क्लिप तर आवळलेली होती."

त्यांनी होज काढला, माझं बोट धरलं आणि पाइपाच्या तोंडावरून फिरवलं. बोट काळं, तेलकट. "आता ह्या बोटानं मोटारसायकलची मूठ चढव. चढंल. पण बसंल का? पहिल्या खड्ड्यात हातात येईल." मूठ पेट्रोलनं पुसून कोरडी चढवली तर वर्षानुवर्षं हलत नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. होजला तोच नियम असेल हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

मग त्यांनी खडूनं जमिनीवर पाइपाचं तोंड काढलं. तीन इंच. त्याचं क्षेत्रफळ साधारण 46 चौरस सेंटिमीटर. चढावर टर्बोचा दाब दर चौरस सेंटिमीटरला दीड किलोच्या आसपास. गुणाकार त्यांनी मलाच करायला लावला: 69 किलो. "म्हणजे तुझ्या हळदीच्या पोत्यापेक्षा जास्त," चाचा म्हणाले. "गाडी चढाला लागली की एक पोतं हा होज बाहेर ढकलतंय. आणि तू त्याला तेल लावून ठेवलंस." मी पोती वाहिलेला माणूस आहे. पाठीवर पोतं घेतल्यावर तेलकट फळीवर पाय पडला तर काय होतं, ते मला कुणी सांगायला नको.

तेल येतं कुठून, याचा शोध त्यांनी आधी घेतला. थोडी तेलाची वाफ सगळ्याच गाड्यांत ब्रीदरमधून आणि टर्बोच्या सीलमधून हवेबरोबर जाते. तिचं काही वाटून घ्यायचं नसतं. पण माझा एअर फिल्टर धुळीनं गच्च झालेला होता. फिल्टर कोंडला की टर्बो स्वतःच्याच सीलमधून तेल ओढतो. आणि डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर. जास्त असलेलं बरं, म्हणून मीच लिटरभर वाढवलेलं. दोन्ही दुरुस्त केलं. इंटरकूलर काढून उलटा टांगला, तर खालच्या डब्यात पाव लिटर तेल निघालं.

मग पाइप. माझ्या आधीच्या मालकानं कधीतरी मूळचा पाइप बदलून सरळ कापलेला लोखंडी तुकडा बसवला होता. मूळच्या पाइपाच्या तोंडाला बारीक उठावाची कड असते, बांगडीसारखी. होज त्या कडेवरून चढतो, क्लिप कडेच्या मागं बसते, मग दाबानं होज सरकायला लागला तरी क्लिप कडेला अडते. माझ्या पाइपाला कडच नव्हती. गुळगुळीत नळीवर तेल आणि त्यावर रबर. मी क्लिप कितीही पिळली असती तरी त्याचा काही उपयोग नव्हता. शेजारच्या लेथवाल्यानं तोंडापासून अर्धा बोट आत वेल्डिंगची बारीक रेघ गोल फिरवली. चाचांनी ती कानसीनं घासून बोथट केली, कारण टोकदार राहिली तर तीच होजला आतून चिरते. या घासण्यात त्यांनी तासभर घालवला. दर थोड्या वेळानं डोळे मिटून अंगठा फिरवायचे, कुठं खुपलं की पुन्हा कानस. मी शेजारी बसून बघत होतो. माझी घाई तिथंच कुठंतरी मुरली.

फाउंडेशनचं एक रबर बसलेलं निघालं. त्यामुळं इंजिन एका अंगाला कललेलं, आणि दोन पाइपांची तोंडं समोरासमोर न येता बोटभर वरखाली. होज कायम तिरका ताणलेला. रबर बदललं, तोंडं सरळ आली. तेव्हा चाचांनी नवा होज हातात घेतला. आतून तेल सोसणाऱ्या अस्तराचा सिलिकॉन होज घ्या म्हणाले, कारण साधा सिलिकॉन तेलानं मऊ पडतो. पाइप आणि होज दोन्ही पेट्रोलनं पुसले, मग कोरड्या फडक्यानं, फडकं पांढरं निघेपर्यंत. पाइपावर पॉलिश पेपर गोल फिरवला, लांबीच्या दिशेनं नाही. लांबीच्या रेघा हवेला वाट देतात. चढवताना नुसतं पाण्याचं बोट. "पाणी उडून जातं, तेल राहतं," ते म्हणाले.

क्लिप बदलली. खाचांच्या क्लिपेऐवजी रुंद पट्टीची, बोल्टवाली, बोल्टवर स्प्रिंग असलेली घेतली. गरम झालं की पाइप फुगतो, गार झालं की आकसतो, आणि रबर दिवसेंदिवस दबत जातं. स्प्रिंग तेवढी ढिलाई आपोआप खाऊन टाकते. पान्ह्याला खांद्याचा जोर नाही, नुसत्या मनगटाचा. गाडी वसमतच्या बाहेर दहा-बारा किलोमीटर फिरवून आणली, गरम झाल्यावर बोल्ट पुन्हा एकदा बघितला. पाव फेरा गेला.

शेवटी गळती तपासायची होती. ठिबकच्या दुकानातून पाइपाचं टोपण आणलं, त्याला ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला आणि टर्बोच्या तोंडाशी ते लावून पंक्चरवाल्याच्या नळीनं पंधरा पौंड हवा सोडली. भाचा भांडी घासायच्या साबणाचा फेस करून प्रत्येक जोडावर ब्रशनं लावत गेला. होजपाशी एकही बुडबुडा नाही. बुडबुडे आले ते इंटरकूलरच्या कोपऱ्यात, बारीक, मोत्यांसारखे. तिथं पत्रा तडकलेला होता. एरवी तो आम्हाला कधीच सापडला नसता.

हल्लीच्या गाड्या वेगळ्या आहेत. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम देशभर लागू झाले; त्या गाड्यांत दाब पडला की सेन्सर दिवा लावतो आणि इंजिनचा जोर स्वतःच कमी करतो. पण होज त्यांनाही आहे, वीतभर रबराचाच, आणि त्याच्या आतलं तेल कुठलाही दिवा पुसून देत नाही. भावांनो, क्लिप पिळण्याआधी आत बोट फिरवा, एवढं मनापासून सांगणं आहे.

निघताना चाचांनी पांढऱ्या रंगाची डबी काढली आणि काडीनं होजवरून पाइपावर अशी एक सरळ रेघ ओढली. होज केसभर जरी सरकला तरी रेघ तुटलेली दिसणार. तेव्हापासून सांगलीला निघायच्या आदल्या रात्री भाचा बॅटरी घेऊन गाडीखाली जातो आणि रेघ बघून येतो. दर हंगामाआधी होज उतरवतो, पुसतो, कोरडा चढवतो आणि रेघ नव्यानं ओढतो. यंदा जुनी रेघ खरवडायला गेला तर ती सापडेना. हळदीची धूळ बसून बसून पिवळी झाली होती. ओल्या फडक्यानं पुसली तेव्हा दिसली. होजवरून पाइपावर, सरळ.