रविवारची काळी कुत्री

गिऱ्हाइकांच्या लॅब्राडॉरच्या फोटोंवर घर चालतं. रविवारी पहाटे मंडईतली काळी गावठी कुत्री मात्र माझी. कुणी न सांगितलेलं काम. काळ्या अंगापुढे कॅमेऱ्याचं मीटर फसतं, काळ्याचं राखाडी करून टाकतं. म्हणून एक्स्पोजर स्टॉपभर खाली आणते आणि ऊन केसांवर तिरकं येईस्तोवर जमिनीवर पडून राहते. भाजीवाल्या मावशी विचारतात, "ह्याचे पैसे कोण देतं गं?"

छायाचित्रकार एलियट अर्विटने १९४६मध्ये न्यूयॉर्कला स्वेटर घातलेला चिवावा टिपला, शेजारी बाईचे नुसते पाय. काम बायकांच्या चपलांचं होतं म्हणे! पोटाचं नि मनाचं एकाच फ्रेममध्ये बसवणं मला अजून साधत नाही. मावशींना यातलं काय सांगणार? "कुणीच नाही," म्हटलं. त्यांनी कुत्र्याला पाव टाकला आणि मला बाजूला सरकवलं. टेम्पो येत होता.