ओसियाँची पापडभाजी

जोधपूरपासून सुमारे 65 किलोमीटरांवरील ओसियाँ गावाशी ओसवाल समाज आपले मूळ जोडतो. येथील महावीर मंदिर आठव्या शतकातील, प्रतीहारकालीन. यात्रेकरू ते पाहून परततात; वाटेवरच्या खेजडीच्या झाडांकडे फारसे कोणी पाहत नाही. तिच्या शेंगा म्हणजेच सांगरी. वाळवली की वर्षभर पुरते. भाजीपाला दुर्मिळ असलेल्या या मरुभूमीत गृहिणींनी घरात होते त्यावरच भागवले. बेसनाचे गट्टे, मुगाच्या मंगोड्या आणि काहीच नसेल तर ताकाच्या रश्शात पापडाचे तुकडे. द्विदळाचा दोष टाळण्यासाठी ताक आधी तापवायचे. ते फाटू नये म्हणून सतत ढवळायचे. पापड अगदी शेवटी घालावा, नाहीतर लगदा होतो.

मारवाडातून व्यापारासाठी निघालेली अनेक कुटुंबे नगर-पुण्याकडे स्थिरावली. येथे मेथी, गवार, घेवडा मुबलक. तरीही अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य असते आणि त्या दिवशी तोच पापडाचा डबा उघडतो. मुगाचे संपले असतील तर उडदाचे घ्यावेत. खरे तर चव त्यांचीच अधिक. तेही नसतील तर जाड शेव चालते. पापडात मूळचेच मीठ असते, म्हणून रश्शात मीठ घालायचे ते चाखूनच.