दिमोनातला मलिदा

पातळ पोहे धुऊन निथळत ठेवले की हल्ली मला दिमोना आठवतं. पाहिलेलं नाही, पण इस्रायलच्या नेगेव वाळवंटातल्या त्या गावात कोकणातली कितीतरी ज्यू घरं जाऊन वसली आहेत. आपल्याकडे त्यांना शनिवार तेली म्हणत. घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून.

1948 नंतर ही बेने इस्रायल म्हणवणारी माणसं तिकडे जाऊ लागली. ज्या देशाला आपला मानून गेली, तिथल्या धर्मगुरूंनी लग्नाच्या वेळी त्यांचं ज्यू असणंच तपासायला घेतलं. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या हे कुणी विचारलं नव्हतं! त्यांनी धरणं धरलं, आणि 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने त्यांच्या बाजूने निर्वाळा दिला.

सोबत काय नेलं? मलिदा नेला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं, आणि ताटासमोर एलियाहू हनाबी या प्रेषिताची स्तुती. नवस फेडायचा असो की लग्नकार्य, ताट हेच. क्रिकेट नेलं. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढलं. (हिब्रू शिकणं भाग असताना मराठी छापण्याचा हा खटाटोप मला भारी आवडतो.)

बाहेरून आलेल्यांनी पार विरघळून जावं, असा हट्ट धरणाऱ्यांचं मला नवल वाटतं. मिसळतात हो ते, पण हातातलं ताट कशाला टाकतील? अलिबागला गेलात तर त्यांच्या इस्रायल आळीत जरूर चक्कर मारा. तिथलं सिनेगॉग अजून उभं आहे.